भिंतीवरची म्हैस

मोटरसायकल गेल्याचं मला कळलं ते मुलीकडून परत आलो त्या दिवशी दुपारी. बॅग दारात ठेवली आणि चपला न काढता तसाच मागच्या अंगणातल्या शेडकडे गेलो. बायको गेल्यापासून मला ती सवयच लागली होती. आधी शेड, मग घर. दार लोटलं तर आत माझी सायकल, तिची सायकल, रंगाचे रिकामे डबे आणि मधे मोकळी जमीन. जमिनीवर तेलाचा काळा डाग आणि स्टँडनं पडलेला खड्डा. बाकी काही नाही.

आधी वाटलं चोरी झाली. खरं सांगतो, चोरी झाली असती तर बरं झालं असतं. चोराला निदान मोटरसायकल चालवायची असते.

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात आली. माझा चेहरा बघून तिथंच थांबली.

"बाबा, हे संध्याकाळी आले की सांगतील."

"काय सांगतील?"

"तेच सांगतील ना."

म्हणजे हिला माहीत होतं. मुलीलाही माहीत असणार. उगाच का ती रोज सकाळी "बाबा, अजून दोन दिवस राहा" म्हणून मागं लागत होती? मला वाटलं, लेकीची माया. सगळ्या घराला माहीत, फक्त ज्याची गाडी त्याला पत्ता नाही.

संध्याकाळी मुलगा आला. ऑफिसची बॅग काढायच्या आधीच त्यानं फोन पुढं केला. "बाबा, आधी फोटो बघा. मग काय चिडायचं ते चिडा."

फोटोत विटांची भिंत होती. भिंतीवर, उभ्या माणसाच्या डोक्याच्याही वर, माझी मोटरसायकल टांगलेली. पुढचं चाक वर, मागचं खाली, चढ चढत असल्यासारखी. खाली टेबलं, टेबलांवर माणसं, आणि एक पोरगी गाडीकडे बोट दाखवून हसत होती.

"माझ्या मित्राचं हॉटेल आहे, हायवेला," मुलगा म्हणाला. "नवीन काढलंय. किती मान आहे बघा तिला तिथं. शेडमधे गंजत पडली असती."

"मान? अरे, मारलेल्या वाघाचं मुंडकं लावतात भिंतीला. त्याला मान म्हणतात का?"

"तुम्हाला विचारलं होतं मी."

"कधी?"

"तुम्ही ताईकडे जायच्या आदल्या दिवशी. शेडमधे बसला होतात. मी विचारलं, बाबा, हिचं काय करू या? मित्र मागतोय. तुम्ही काही बोलला नाहीत."

"मग?"

"मग काय? काही बोलला नाहीत."

आता यावर माणसानं काय करावं? मी काही बोललो नाही म्हणजे नाही. हा जन्माला यायच्या आधीपासून या घरात हे असंच चालत आलंय. याला मित्रांबरोबर समुद्रावर जायचं होतं, मी काही बोललो नाही. याला शिक्षण अर्धवट सोडून दुकान काढायचं होतं, मी काही बोललो नाही. तेव्हा हा बरोबर स्वयंपाकघरात जायचा आणि त्याची आई सांगायची, "नाही म्हणतायत." मग तिथं रडारड व्हायची, कधी कधी ती बाहेर येऊन मला दोन गोष्टी ऐकवायची आणि नाहीचं हो व्हायचं. समुद्रावर गेलाच शेवटी. घर असं चाललं होतं आणि चांगलं चाललं होतं. आणि आज हा बाप्या म्हणतो, काही बोलला नाहीत!

मी त्या रात्री जेवलो नाही. त्यावरूनही कुणाला काही कळलं असेल असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढली. बरोबर पंक्चर आला. हा माझा मित्र, दवाखान्यात कंपाउंडर होता. आम्ही निवृत्त लोक सायकलवर फिरायला लागलो तेव्हापासून त्याचं हे नाव पडलं, कारण दर फेरीला काटा शोधून त्यावर चाक घालायचं कसब त्याच्याकडे आहे. मी त्याला सगळी हकिगत सांगितली. त्यानं शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, "ते सगळं ठीक. पण लेका, मोटरसायकल आणायला सायकलवर निघालायस. आणणार कशी? कॅरियरला बांधून?"

"बघू."

"आणि त्यानं नाही दिली तर?"

"गप्प चालव."

गावाबाहेर पडलो की पाइपलाइनचा रस्ता लागतो. मी पाणीपुरवठ्यात फिटर होतो. या भागातल्या सगळ्या पंपहाउसांवर माझी फेरी असायची. कुठं व्हॉल्व्ह अडकला, कुठं पंपाच्या ग्लँडमधून पाणी उडायला लागलं की मला निरोप यायचा. खात्याची जीप होती, पण ती साहेबांसाठी. मी माझ्या मोटरसायकलवर जायचो. सुट्टीच्या दिवशी निरोप आला की बायको डबा भरायची आणि मागं बसायची. "तुम्ही एकटे गेलात की संध्याकाळ करता," म्हणायची. खरं कारण ते नव्हतं. तिला फिरायला आवडायचं.

मोटरसायकलला तिनंच म्हैस नाव ठेवलं. काळी, जड, आणि मनात असेल तेव्हाच उठणार. "पेट्रोल पिते बादलीभर आणि दूध तर काही देत नाही," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पण मी दुसरी गाडी घ्यायची गोष्ट काढली की चिडायची तीच.

वाऱ्यात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तिला थांबायचं असलं की ती माझ्या पाठीवर थाप मारायची. आणि तिला दर मैलाला थांबायचं असायचं. कुणी विहीर खणतंय, थांबा. बगळे बसलेत, थांबा. एकदा एका शेतात भोपळे इतके मोठे होते की तिनं तिथल्या म्हाताऱ्याला विचारून एक उचलून बघितला, आणि त्या वजनानं भोपळ्यासकट खाली बसली, सावरायला आलेल्या म्हाताऱ्यालाही घेऊन. तिकडे पंप बंद, दोन गावांना पाणी नाही, आणि ही भोपळ्याच्या मळ्यात हसत बसलेली. मी चिडलो की म्हणायची, "अहो, पाणी कुठं पळून जातंय?" पाणीच तर पळून जायचं, बाई! त्याचाच पगार होता मला.

निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी तिला मोटरसायकल बंद केली. मणक्याला हादरे नकोत म्हणाले. तर ही दुसऱ्या दिवशी म्हणते, मग मला सायकल शिकवा. त्या वयात! जुन्या पंपहाउसमागच्या मैदानात शिकवली. मी मागून सीट धरून पळायचो आणि ती ओरडायची, "सोडू नका हं, सोडू नका हं." मी सोडलेली असायची. महिन्याभरात ती माझ्यापुढं जायला लागली. मग आम्ही दोघं सायकलवर त्याच सगळ्या रस्त्यांनी फिरलो. मोटरसायकलवर जे सुटून गेलं ते सगळं तिला आता सावकाश बघायचं होतं. मी म्हणायचो, सुटलं काय होतं? तू सुटू दिलंस कुठं काही?

शेवटच्या वर्षी पायडल मारायचं बळ राहिलं नाही. तेव्हा तिनंच सांगितलं, म्हैस काढा. डॉक्टरांना विचारलं नाही. दुसऱ्या गिअरमधे, कालव्याच्या कडेनं, माणूस पळत पुढं जाईल एवढ्या वेगानं नेली. तिनं पाठीवर डोकं टेकलं होतं. त्या दिवशी तिनं एकदाही थाप मारली नाही, म्हणून मी कुठं थांबलो नाही. असो.

हायवेला लागल्यावर जीव नकोसा झाला. पूर्वी दोन्ही बाजूंना झाडं होती. आता मधे कठडा, कडेला लोखंडी पत्रा, आणि मागून येणारा प्रत्येक जण हॉर्न वाजवतोय, जसा काही रस्ता त्याच्या सासऱ्यानं लग्नात दिलाय. पंक्चर मागून ओरडला, "हवा गेली!" मी म्हटलं, तुझी का चाकाची? हॉटेल समोरच दिसत होतं. सायकली हातात धरून गेलो.

मुलाचा मित्र, म्हणजे हॉटेलचा मालक, गल्ल्यावर बसला होता. मला बघून उठला, पाया पडला. लहानपणी आमच्याकडे येऊन लाडवांचे डबे साफ करायचा. "काका! सांगितलं असतं तर गाडी पाठवली असती. बसा, चहा सांगतो."

मी बसलो नाही. वर बघत होतो. फोटोत दिसलं नव्हतं ते आता दिसत होतं. पेट्रोलच्या टाकीला वरून हातभर भोक पाडलं होतं. कापलं होतं, कटर लावून. आत माती भरून त्यात वेल लावली होती. वेल हँडलवरून खाली लोंबत होती. हेडलाइटमधे पिवळा दिवा. आणि मागचं सीट नव्हतं.

"टाकी कापली?"

"काका, लोकांना फार आवडतं. सगळे फोटो काढतात. ती वेल बघा ना, किती छान धरलीय."

"कुंडी मिळाली नाही का तुला बाजारात?"

पंक्चर भिंतीजवळ गेला होता. खाली एक पाटी होती, ती तो चष्मा वर करून मोठ्यानं वाचायला लागला. "ही मोटरसायकल एका मुक्त प्रवाशाची. घरदार सोडून तो एकटाच रानावनांत भटकला. ना सोबत, ना बंधन."

"एकटाच?" मी म्हटलं.

"असं लिहिलंय."

"ना सोबत?"

"ना बंधन," पंक्चर म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेजारच्या टेबलावरची माणसं खायची थांबली, इतक्या मोठ्यानं मी बोललो. घरदार सोडून? मी पंपाची ग्लँड बदलायला जायचो! खिशात पाना आणि डब्यात पोळीभाजी घेऊन! आणि एकटा? या गाडीवर एकटा मी बसलो असेन तो पेट्रोल भरायला. मागं धडधाकट बाई बसायची, तिच्या मांडीवर हत्यारांची पिशवी, पिशवीवर डबा, डब्यावर कुणीतरी दिलेली काकडी. तिला एका ओळीत पुसून टाकलंस? कुणी लिहिलं हे?

"काका, ते डिझाइनवाल्यानं लिहिलं. सगळीकडे तसंच लिहितात. लोकांना जरा फील येतो."

"आणि मागचं सीट?"

"ते भिंतीला अडत होतं, तिरकं लावताना. म्हणून काढलं."

"कुठं आहे?"

"असेल कुठंतरी मागं."

असेल कुठंतरी! ते सीट तिनं भरलं होतं. कारखान्यातून आलेलं सीट दगडासारखं होतं. तिनं रेक्झिन उसवलं, तिच्या माहेरच्या गादीतला कापूस काढून भरला, दाभणानं शिवलं. पुढचं, माझं सीट तसंच ठेवलं. मी विचारलं, माझं? तर म्हणाली, तुम्हाला झोप लागेल, तुम्ही असेच बरे.

मालकानं आत जाऊन फोन केला असणार, कारण थोड्या वेळानं मुलाची कार आवारात येऊन थांबली. मी बाहेर गेलो. लोकांसमोर पोराला बोलायचं नव्हतं, तेवढी अक्कल रागातही होती. गाड्या लावायच्या जागेत उभे राहिलो.

"बाबा, ऑफिस सोडून आलोय मी. चला घरी."

"गाडी घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

"दिलेली वस्तू परत कशी मागायची?"

"तुझी होती का द्यायला?"

"मी विचारलं होतं!"

"आणि मी बोललो नव्हतो! मी बोललो नाही म्हणजे काय, हे कळत नव्हतं तुला? एवढा घोडा झालास!"

"नाही कळत!" तो इतक्या जोरात म्हणाला की पंक्चर सायकलीमागं सरकला. "कसं कळणार? आई सांगायची ते. तुम्ही कधी सांगितलंत? ऑफिसातून येतो तर तुम्ही त्या बंद गाडीवर हँडल धरून बसलेले. दिवेलागण झाली तरी. तुमची सून ताट घेऊन शेडच्या दारात उभी, आणि तुम्ही तिच्याकडे बघतही नाही. मला वाटलं, ही गाडी असेपर्यंत तुम्ही तिथून उठणार नाही. भीती वाटायची मला."

"मग तसं बोलायचं ना."

"कुणाशी बोलू? जिच्याशी बोलायचो ती गेली ना."

माझा राग गेला असं कुणी समजू नये. टाकी कापली ती कापलीच. पण मी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. बारीक झाला होता. दाढी वाढलेली.

"मला गाडी परत पाहिजे," मी म्हटलं. "नाही दिली तर मी इथं रोज येऊन बसेन आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्या पाटीवरचं खोटं आहे म्हणून सांगेन."

तो थोडा वेळ पायाखालची खडी उकरत राहिला. मग म्हणाला, "हे बरं झालं. निदान सांगितलंत तरी." आणि आत जाऊन मित्राकडे शिडी मागितली.

ऑफिसच्या कपड्यांत तो शिडीवर चढला. मी खालून पाना दिला.

"उलटा फिरव."

"उलटा म्हणजे डावीकडे?"

"डावीकडेच."

"कुणाच्या डावीकडे, बाबा? तुमच्या की माझ्या?"

"बोल्टाच्या!"

पंक्चर म्हणाला, "चला, संवाद सुरू झाला."

मालक दोन वेटर घेऊन चाक धरायला आला. त्याचा चेहरा पडला होता. "काका, भिंतीला भोकं राहतील हो."

"माझ्या टाकीलाही राहिलंय."

म्हैस खाली आली. चाकं जमिनीला टेकली तेव्हा टाकीतली माती सगळ्यांच्या बुटांवर सांडली. वेल मी मुळासकट काढून मालकाच्या हातात दिली. तिचा काय दोष? पाटी मात्र मी उचलली ती अजून माझ्याकडे आहे. त्यानं मागितली नाही.

मग सीट शोधायला मागच्या बाजूला गेलो. मागं भांडी घासायची जागा होती. तिथं उतारवयाची एक बाई मोठ्या पातेल्यात हात घालून बसली होती. ओल्या फरशीवर दोन विटा, आणि विटांवर माझ्या बायकोनं भरलेलं सीट. दाभणाचे टाके मला लांबूनच ओळखू आले. आधी वाटलं ओरडावं. पण ओरडणार कुणावर?

"बाई, हे सीट माझ्या मोटरसायकलचं आहे."

"हो का?" ती म्हणाली. "भंगारात टाकलं होतं. मी म्हटलं, चांगलं मऊ आहे. कंबर धरते ना माझी, खाली बसून बसून. कुणीतरी मन लावून भरलंय हो."

"माझ्या बायकोनं."

तिनं माझ्याकडे बघितलं, हात धुतले, उठली. उठताना कमरेवर हात ठेवला, तोंडातून आवाज आला. सीट पदरानं पुसलं आणि पुढं केलं. "घ्या दादा. तुमचंच आहे."

मी घेतलं. आता कुणी म्हणेल, राहू द्यायचं होतं तिच्याकडे. सांगायला सोपं आहे. मी घेतलं आणि बगलेत धरून बाहेर आलो. वळून बघितलं तर ती विटा जवळ ओढून त्यांवरच बसत होती.

हॉटेलच्या भाजीच्या टेम्पोतून म्हैस घरी आली. मागं दोन सायकली आणि पंक्चर. मी मुलाच्या शेजारी कारमधे बसलो. घर आल्यावर त्यानं इंजिन बंद केलं आणि विचारलं, "बाबा, जेवणार का?" आणि उत्तराची वाट बघत तसाच बसून राहिला. कारमधून उतरेना. शेवटी मला म्हणावं लागलं, "हो."

आता त्यानं ही नवीनच खोड लावून घेतलीय. काहीही विचारतो आणि समोर उभा राहतो. अंगणातला नळ बदलू का? ताई आली की तिला दिवाणखान्याशेजारची खोली देऊ का? मी बोलेपर्यंत हलत नाही. फार त्रास होतो. सूनबाई आतून हसते, मला ऐकू येतं.

टाकी वेल्डरकडे दिलीय. सीट मी बसवलं. ओलं झालं होतं, आधी आठवडाभर उन्हात ठेवलं, तरी साबणाचा वास गेलेला नाही. पंक्चर म्हणतो, आता एकदम स्वच्छ म्हैस झाली.

त्या भांडी घासणाऱ्या बाईंसाठी एक स्टूल केलंय. मीच केलंय, पंप ज्या खोक्यांतून यायचे त्या फळ्यांचं, बुटकं, पायांना रबर लावून, म्हणजे ओल्यात सरकायचं नाही. वर जाड उशी केलीय. माझे टाके वेडेवाकडे आलेत, पण धरतील. मुलगा म्हणाला, द्या, मी ऑफिसला जाताना टाकतो. मी म्हटलं, नाही. स्पष्ट म्हटलं, तोंडानं. तिच्या बुडाखालचं मी काढून आणलंय, तर मीच नेऊन देईन. सायकलवर ते बसत नाही, आणि टाकी अजून आलेली नाही. खरं सांगायचं तर त्या हॉटेलची पायरी चढायचंही मनात येत नाही. स्टूल तयार होऊन बरेच दिवस झाले. ते अजून मी नेऊन दिलेलं नाही.